वही, नकाशा आणि संगणक : ढगांतून विमान उतरविण्याच्या विद्येचा इतिहास

विमानप्रवासातील संकटाचा विचार सामान्य माणसाच्या मनात येतो तो बहुधा उंचीशी निगडित होऊन. परंतु ज्यांनी या व्यवसायात उभा जन्म घालविला त्यांना पक्के ठाऊक असते की, विमानाला खरे भय असते ते जमिनीचे, आणि ते भय प्रवासाच्या अखेरच्या दहा-पंधरा मिनिटांत एकवटलेले असते. आकाश निरभ्र असेल व धावपट्टी समोर लखलखीत दिसत असेल, तर वैमानिकाचे डोळे व हात एवढी सामग्री पुरते. पण मेघ खाली उतरले असतील, पाऊस कोसळत असेल किंवा काळोखात भोवतालचे डोंगर लुप्त झाले असतील, तर कोणत्या बिंदूवरून कोणत्या दिशेस वळावयाचे, कोठे किती उंचीच्या खाली यावयाचे नाही, आणि ठरलेल्या अखेरच्या उंचीवर धावपट्टी दृष्टीस पडली नाही तर कोणत्या मार्गाने माघारी वर जावयाचे, या साऱ्याची इत्यंभूत तजवीज आधीच लिहून ठेवलेली असावी लागते. या लेखी विधीस वैमानिकांच्या बोलीत 'इन्स्ट्रुमेंट अप्रोच' किंवा नुसते 'अप्रोच' म्हणतात. हे ज्ञान प्रारंभी वैमानिकाच्या स्मरणात होते. तेथून ते त्याच्या खिशातील वहीत, वहीतून छापील नकाशात आणि नकाशातून विमानातील संगणकाच्या स्मृतिकोशात गेले. प्रत्येक स्थलांतराने विमाने अधिक सुरक्षित झाली, यात शंका नाही; तथापि ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात देताना जो सांधा राहतो, त्याच सांध्यावर नव्या प्रकारचे अपघात झाले, आणि त्या अपघातांनी शिकविलेले शहाणपण हाच या विद्येचा खरा इतिहास होय.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात ढगात शिरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होते. क्षितिज दिसेनासे झाले की मनुष्याच्या अंतःकर्णातील तोल राखणारे इंद्रिय त्याला खोटी साक्ष देऊ लागते; विमान एका अंगावर कलून घिरट्या घेत खाली जात असतानाही वैमानिकास ते सरळ चालले आहे असेच वाटत राहते. ही गोष्ट ध्यानात घेऊन अमेरिकेतील गुगेनहाइम निधीने लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे एक प्रयोगशाळा चालविली व तिची सूत्रे जेम्स डूलिटल या लष्करी वैमानिकाकडे दिली. स्पेरी यांच्या कारखान्यातून गतिचक्रावर चालणारे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक आले, पॉल कोल्समन याने पूर्वीच्या कोणत्याही यंत्राहून कितीतरी सूक्ष्म असा उंचीमापक करून दिला, आणि जमिनीवर रेडिओचा मार्गदर्शक संकेत उभारण्यात आला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी डूलिटल आपल्या दोन आसनी विमानात आच्छादनाखाली बसला. बाहेरचे जग त्याच्या दृष्टीआड होते. दुसऱ्या आसनावर बेन्जामिन केल्सी हा लेफ्टनंट, प्रसंग ओढवलाच तर विमान हाती घेण्यासाठी सज्ज होता. पण तशी वेळ आली नाही. केवळ उपकरणांकडे पाहून डूलिटलने उड्डाण केले, वळणे घेतली आणि विमान पुन्हा त्याच मैदानावर उतरविले. डोळे बाहेर न लावताही विमान उड्डाणापासून अवतरणापर्यंत नेता येते, हे त्या पंधरा मिनिटांनी सिद्ध केले.

सिद्ध झालेली गोष्ट जगभर रूढ व्हावयास मात्र काळ लागतो. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. आणि पावसाळ्यात जुहूची ती पट्टी चिखलाने निरुपयोगी झाली की टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. मोसमी ढगांशी झुंज देण्यापेक्षा मोसमापुरते ठिकाण बदलणे हाच त्या काळचा व्यवहार होता.

अमेरिकेतील टपाल-वैमानिकांना ही सोय नव्हती. त्यांच्या वाटेत रॉकी पर्वत होता आणि टपालाचे वेळापत्रक हिवाळा जाणत नव्हते. त्यांच्यासाठी सरकारने रेडिओचे मनोरे उभारले. मनोऱ्याच्या एका बाजूस मोर्स लिपीतील 'ए' अक्षर, म्हणजे एक लघू व एक दीर्घ नाद, ऐकू येई. दुसऱ्या बाजूस 'एन', म्हणजे दीर्घ व लघू. आणि वैमानिक नेमका मार्गावर असला की दोन्ही मिळून अखंड एकसुरी नाद कानी पडे. पण मार्ग सापडला तरी त्या मार्गावर किती खाली यावे हे तो नाद सांगत नसे. एलरे जेप्पेसेन हा बोइंग एअर ट्रान्सपोर्टचा वैमानिक शायेन ते सॉल्ट लेक सिटी या मार्गावर विमान चालवीत असे, आणि आपले सहकारी एकामागून एक डोंगरांवर आदळून मरताना त्याने पाहिले होते. त्याने एक काळी वही विकत घेतली व तिच्यात मैदानांची लांबी, उतार, दिवे आणि अडथळे टिपण्यास आरंभ केला. सुटीच्या दिवशी तो मोटारीने जाई, डोंगर व धुराडी चढून उंची मोजी, आणि हवामानाची खबर दूरध्वनीवरून देऊ शकतील अशा शेतकऱ्यांचे क्रमांकही त्या वहीत नोंदवून ठेवी. सहकारी नकला मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्याने ते टिपण छापून दहा डॉलरांस विकावयास काढले. आज जगातील बहुतेक कॉकपिटांत जे अप्रोचचे नकाशे वापरले जातात, त्यांतील फार मोठा हिस्सा त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचा आहे. एका माणसाच्या खिशातील ज्ञान अशा रीतीने सर्वांच्या मालकीचे झाले. परंतु ज्याने धुराड्याची उंची स्वतः मोजली नाही, त्याला यापुढे छापील आकड्यावर भिस्त ठेवणे प्राप्त झाले.

याच सुमारास धावपट्टीपर्यंत नेणारी रेडिओची वाट बांधण्याचे प्रयत्नही फलद्रूप होत होते. धावपट्टीच्या टोकाशी उभ्या केलेल्या यंत्रातून दोन शलाका निघतात. त्यांतील एक डावे-उजवे सांगते, तर दुसरी, सुमारे तीन अंशांच्या उतारावर, वर-खाली सांगते. या योजनेस आयएलएस हे नाव पडले. २६ जानेवारी १९३८ रोजी पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचे वॉशिंग्टनहून निघालेले एक उतारू विमान हिमवादळात केवळ या शलाकांच्या आधारे पिट्सबर्ग येथे उतरले. महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने हीच पद्धत प्रमाण मानली, आणि १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ट्रायडंट विमान, आत उतारू असताना, स्वयंचलित रीतीने धावपट्टीवर टेकले. परंतु आयएलएस हे महागडे साधन आहे. त्याच्या शलाकेस सपाट व मोकळी भूमी लागते, आणि डोंगरांत वसलेल्या कित्येक विमानतळांवर ते उभारणे दुर्घट असते. अशा ठिकाणी वैमानिकास एखाद्या दूरच्या रेडिओ-केंद्रापासूनचे अंतर पाहून पायरी-पायरीने खाली यावे लागे. अमुक मैलांपर्यंत अमुक उंची, त्यापुढे त्याहून कमी. वाट दाखविणारी शलाका नसल्यामुळे पायरी चुकली तर ती चुकल्याचे कोणतेही यंत्र सांगत नसे.

पायरी कोणी राखावयाची, हा प्रश्न १ डिसेंबर १९७४ रोजी व्हर्जिनियातील माउंट वेदरच्या कड्यावर ऐरणीवर आला. टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाकडे येत असता, तेथील जोरदार आडव्या वाऱ्यामुळे डलेस विमानतळाकडे वळविण्यात आले. नियंत्रकाने धावपट्टीपासून बऱ्याच अंतरावर असतानाच विमानास अप्रोचची मुभा दिली. वैमानिकांनी त्याचा अर्थ असा घेतला की, खाली येण्यास कोणतीही आडकाठी उरली नाही, आणि ते अंतिम टप्प्यासाठी नकाशात दिलेल्या १,८०० फुटांपर्यंत उतरू लागले. नियंत्रकाची समजूत अशी की, मधल्या टप्प्यांच्या किमान उंची सांभाळणे हे वैमानिकांचे काम आहे. या दोन समजुतींच्या मध्ये विमान त्या कड्यावर आदळले व आतील ९२ ही जणे मृत्यू पावली. चौकशी मंडळात या प्रश्नावर एकमत झाले नाही, यावरूनच तो संदिग्धपणा किती खोल होता याची कल्पना येते. त्यानंतर अशा परवानगीचा मजकूर व उंची राखण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत ठरविण्यात आली. जमीन वेगाने जवळ येत असल्यास वैमानिकास सावध करणारे यंत्र अमेरिकेतील मोठ्या उतारू विमानांत सक्तीचे झाले. आणि वैमानिकांना आपल्या चुका निर्भयपणे कळविता याव्यात म्हणून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक गोपनीय नोंदणी सुरू झाली.

पुढच्या दशकात ज्ञानाचे तिसरे स्थलांतर झाले. १९८२ मध्ये बोइंग ७६७ व १९८३ च्या पहिल्या दिवशी बोइंग ७५७ सेवेत दाखल झाले, तेव्हा त्यांच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरची तिसरी खुर्ची नव्हती; ती नसली तरी चालेल असा कौल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने १९८१ मध्ये दिला होता. त्या तिसऱ्या माणसाच्या कामाचा आणि नकाशे उलगडून हिशेब करण्याच्या कामाचा बराचसा भार 'फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम' या संगणकाने उचलला. दोन वैमानिकांच्या मधोमध लहानसा पडदा व त्याखाली अक्षरांच्या कळा असतात. वैमानिक तेथे येण्याचा मार्ग, अप्रोच व धावपट्टी निवडतो. त्याबरोबर त्या विधीतील सारे बिंदू, त्यांच्या उंची व वेग यांची यादी पडद्यावर उमटते. एखादा बदल केला की समोरच्या नकाशा-पडद्यावर नवा मार्ग पांढऱ्या तुटक रेषेने दिसतो, आणि वैमानिकाने अंमलबजावणीची कळ दाबली की तीच रेषा किरमिजी रंगाची व अखंड होते. त्या क्षणापासून ऑटोपायलट त्या रेषेबरहुकूम विमान नेतो. या यंत्राच्या पोटातील माहितीचा कोश जुना होऊ नये म्हणून दर २८ दिवसांनी तो बदलला जातो. जेप्पेसेनच्या काळ्या वहीचा हा वंशजच होय. भेद इतकाच की, वही वाचून हात हलविणारा माणूस आता मधून बाजूस झाला होता.

या नव्या सांध्यावरची एक ठेच भारतास लागली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरास निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे एअरबस ए-३२० विमान, स्वच्छ हवेत आणि भर दुपारी, धावपट्टीपूर्वीच गोल्फच्या मैदानावर आदळले व १४६ पैकी ९२ जण दगावले. चौकशीत असे दिसून आले की, स्वयंचलित यंत्रणा उतरणीच्या अशा अवस्थेत राहिली होती की जीत इंजिने किमान शक्तीवर असतात, आणि वेग घटत चालला आहे हे वैमानिकांच्या ध्यानात फार उशिरा आले. दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी, फ्रान्समधील स्त्रासबूरकडे उतरणारे एअर इंटरचे त्याच जातीचे विमान सेंट ओदिलच्या डोंगरावर कोसळून ८७ माणसे मेली. तपासकर्त्यांनी संभाव्य मानलेले कारण विलक्षण होते : ३.३ अंशांचा उतार द्यावा या हेतूने वैमानिकाने आकडा भरला असावा, पण यंत्र दुसऱ्याच अवस्थेत असल्याने तो दर मिनिटास ३,३०० फूट असा वाचला गेला. आणि खिडकीत दोन्ही प्रसंगी '३३' हेच अंक दिसत होते. पुढे एअरबसने तो आकडा चार अंकांत दिसेल अशी व्यवस्था केली.

या साऱ्या प्रकरणाचा कळस मात्र कोलंबियात झाला. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोइंग ७५७ मायामीहून कालीकडे सुमारे दोन तास उशिरा निघाले. आत १६३ माणसे होती, त्यांतील बहुतेक नाताळासाठी घरी निघालेली. काली हे शहर काउका नदीच्या लांबट खोऱ्यात वसले आहे. खोरे दक्षिणोत्तर पसरलेले असून दोन्ही अंगांस उंच पर्वतरांगा आहेत, आणि विमानतळ सुमारे ३,१६० फुटांवर आहे. रात्र स्वच्छ होती. परंतु अंधारात पर्वत दिसत नव्हते. नियंत्रकाकडे रडार नव्हते, कारण गनिमी बंडखोरांनी ते पूर्वीच उद्ध्वस्त केले होते. विमान कोठे आहे हे त्यास वैमानिक सांगतील तेवढेच कळणार होते. कप्तान तेथे अनेकदा येऊन गेला होता, तर विमान प्रत्यक्ष चालवीत असलेल्या सहवैमानिकाची ती पहिलीच खेप होती.

कालीच्या नियंत्रकाशी पहिले बोलणे झाले रात्री ९ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास, आणि तेथून शेवटापर्यंत अवघी सात मिनिटे गेली. बेत असा होता की, विमानतळ ओलांडून दक्षिणेस जावयाचे, वळून परत यावयाचे आणि आयएलएसच्या आधाराने उतरावयाचे. नियंत्रकाने काली येथील रेडिओ-केंद्रापर्यंत येण्याची मुभा दिली. कप्तानाने तिचा अर्थ 'थेट काली' असा घेऊन संगणकात तशी नोंद केली. आणि त्या यंत्राच्या स्वभावानुसार विमान व काली यांच्यामधील सारे बिंदू, तुलुआ हा महत्त्वाचा बिंदूही त्यांतच, पडद्यावरून पुसले गेले. त्यानंतर नियंत्रकाने विचारले की, वारा मंद आहे, उत्तरेकडून सरळ १९ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतराल का? त्यात वेळ वाचणार होता. उशीर झालेल्या विमानास तो मोह टाळवला नाही. परंतु सरळ उतरणे म्हणजे ताबडतोब खाली येणे. म्हणून पंखांवरील वेगरोधक पाट्या उभ्या केल्या गेल्या, आणि एका बाजूने नवा नकाशा शोधणे, दुसऱ्या बाजूने संगणकात नवी नोंद करणे व तिसऱ्या बाजूने नियंत्रकाशी बोलणे अशी तिहेरी धांदल उडाली. नियंत्रक तुलुआ ओलांडल्याची वर्दी मागत होता. संगणकावरून तुलुआ नाहीसा झालेला होता, आणि वैमानिक तो पुढे शोधत असताना वस्तुतः तो मागे पडला होता.

या गोंधळातून सुटण्यासाठी कप्तानाने धावपट्टीजवळच्या 'रोझो' या रेडिओ-केंद्राकडे थेट जाण्याचे ठरविले व नियंत्रकाची अनुमती घेतली. हातातील छापील नकाशावर रोझोची खूण 'आर' या एकाच अक्षराने दर्शविलेली होती. कप्तानाने संगणकात 'आर' दाबले. त्या नावाची केंद्रे पडद्यावर आली. अशी यादी नेहमी विमानापासूनच्या अंतराच्या क्रमाने लागते, आणि म्हणून पहिले नाव सर्वांत जवळचे, हा रोजचा अनुभव होता. परंतु रोझो त्या यादीत नव्हताच. बोगोटाजवळ 'रोमिओ' नावाचे दुसरे एक केंद्र होते. त्याचेही चिन्ह 'आर' आणि त्याची रेडिओ-लहरही तीच. एकाच देशातील दोन केंद्रांना एकच चिन्ह देणे माहितीकोशाच्या नियमांत बसत नसल्यामुळे, 'आर' हे अक्षर मोठ्या शहराजवळच्या रोमिओस गेले होते व रोझो हवा असल्यास त्याचे पूर्ण नाव लिहावे लागे. कप्तानाने पहिले नाव निवडले, अंमलबजावणीची कळ दाबली, आणि पडद्यावरची रेषा खोऱ्यातून निघून पूर्वेकडे, सुमारे १३० मैलांवरच्या रोमिओकडे वळली. तो बदल दोघांनी मिळून पडताळून पाहावयाचा असतो. तो पडताळा झाला नाही.

ऑटोपायलटने हुकूम इमानाने पाळला. विमान डावीकडे वळले व खाली येत येत सुमारे एक मिनिट पर्वतरांगेच्या दिशेने गेले. मग वैमानिकांना संशय आला, आपण कोठे आहोत हे एकमेकांना विचारल्याचे ध्वनिमुद्रकावर आढळते, आणि त्यांनी विमान उजवीकडे, खोऱ्याकडे वळविले. पण एवढ्या अवधीत ते रांगेच्या पूर्वेच्या अंगास आले होते. आता खोऱ्याकडे जाणे म्हणजे मधला डोंगर छेदून जाणे होते, आणि उतरणे तर चालूच होते. भूमी जवळ आल्याची यंत्राने दिलेली इशारत ऐकताच सहवैमानिकाने ऑटोपायलट सोडवून नाक वर उचलले व इंजिने पूर्ण शक्तीवर नेली. परंतु वेगरोधक पाट्या तशाच उभ्या राहिल्या, आणि त्या मिटविण्याचे कोणास सुचले नाही. इशारतीनंतर सुमारे १२ सेकंदांनी, ९ वाजून ४१ मिनिटांनी, विमान सुमारे ८,९०० फुटांवर एल देलुव्हिओ नावाच्या डोंगरावर आदळले. १५९ माणसे मृत्यू पावली, चार वाचली.

ढिगाऱ्यातून मिळालेल्या संगणकाची स्मृती शाबूत होती, आणि तीमध्ये रोमिओकडे जाणारी रेषा आढळली. कोलंबियाच्या नागरी विमान खात्याच्या अहवालाने दोष प्रामुख्याने वैमानिकांच्या निर्णयांवर ठेवला : पुरेशी तयारी नसताना अप्रोच चालू ठेवला, सारी खूणगाठ हरवल्यावरही संगणकाचा आधार सोडून साध्या रेडिओ-साधनांकडे ते वळले नाहीत, आणि भूमीची इशारत येईपर्यंत उतरणे थांबविले नाही. तथापि अहवालाने एवढ्यावरच लेखणी ठेवली नाही; नकाशातील नाव व संगणकातील नाव यांत विसंगती होती, 'थेट' म्हणताच मधले बिंदू पुसण्याची यंत्राची रीत फसवी होती, हेही त्याने नमूद केले. नियंत्रकाची कैफियत तर मनुष्यस्वभावावर प्रकाश टाकणारी आहे : वैमानिकांची विनंती त्यांनी कळविलेल्या स्थानाशी जुळत नाही असे त्यास वाटले होते, पण ठराविक वाक्यांपलीकडचे इंग्रजी त्यास अवगत नसल्याने, स्पॅनिश बोलणाऱ्या वैमानिकास जे विचारले असते ते त्याने येथे विचारले नाही. पुढे २००० मध्ये मायामीच्या पंचांनी दायित्वाची वाटणी विमान कंपनीकडे ७५ टक्के, माहितीकोश तयार करणाऱ्या जेप्पेसेन संस्थेकडे १७ टक्के व संगणक करणाऱ्या हनीवेल कंपनीकडे ८ टक्के अशी केली. त्या आकड्यांविषयी दुमत होऊ शकेल. परंतु विमान आदळले तरी त्याचा जबाब केवळ कॉकपिटात बसलेल्यांनीच द्यावयाचा नाही, हे तत्त्व त्यांनी न्यायालयाच्या दप्तरी नोंदविले.

परिणाम दूरवर पोचले. डॉन बेटमन या अभियंत्याने भूमीची इशारत देणारे पहिले यंत्र घडविले होते. पण ते केवळ खालच्या जमिनीकडे पाही, समोरच्या उभ्या डोंगराकडे नव्हे. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आता जगाच्या भूपृष्ठाचाच नकाशा यंत्रात भरला, त्यासाठी सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथील लष्करी नकाशेही मिळविले, आणि १९९६ पासून समोरचा डोंगर पडद्यावर रंगांनी दिसू लागला व इशारत १२ सेकंदांऐवजी सुमारे मिनिटभर आधी येऊ लागली. कंपन्यांनी दंडक घातला की, संगणकातील मार्ग बदलल्यावर दोन्ही वैमानिकांनी तो नकाशाशी ताडून पाहिल्याखेरीज अंमलबजावणीची कळ दाबावयाची नाही. आणि अप्रोचचा अखेरचा भाग तर हाताने बिंदू भरून रचावयाचाच नाही, तो माहितीकोशातून जसाच्या तसा घ्यावयाचा.

या शिस्तीचे फळ त्याच सुमारास अलास्कात दिसू लागले. जूनो या राजधानीचा विमानतळ गास्टिनो खाडीच्या अरुंद फटीत, दोन्ही अंगांस उभ्या डोंगरांत आहे, आणि तेथील ढग वैमानिकांना आठवडेच्या आठवडे सतावीत. १९९६ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानांनी, उपग्रहांवरून स्थान ओळखून व संगणकातील वक्र रेषेवर चालून, त्या खाडीतून अप्रोच करण्यास आरंभ केला. येथे जमिनीवरचे कोणतेही यंत्र वाट दाखवीत नाही. संगणकाने आपण ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे मैलाच्या काही दशांश भागांत, आहोत की नाही याची स्वतःच साक्ष द्यावयाची, आणि ती न देता आल्यास वैमानिकाने तात्काळ वर निघून जावयाचे, असा हा करार आहे. अर्थात यंत्राची साक्षही सर्वांगी खरी नसते : उंची हवेच्या दाबावरून मोजली जात असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत विमान दाखविलेल्या उंचीपेक्षा प्रत्यक्षात खाली असते, आणि म्हणून अशा नकाशांवर अमुक तपमानाखाली ही रीत वापरू नये असे स्पष्ट बजाविलेले असते. आपल्याकडेही इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या 'गगन' या उपग्रहप्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगढ येथे उतरले, जेथे आयएलएस नसतानाही उतरणीची नेमकी वाट आता आकाशातून मिळते.

सुमारे शंभर वर्षांच्या या वाटचालीकडे पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. यंत्रावर अतिविश्वास ठेवल्यामुळे माणसे मेली, असा सोपा निष्कर्ष काढून जुन्या काळाचे गोडवे गाणे रास्त होणार नाही. कारण जुन्या काळात, वही व कानातला नाद एवढ्यावर विसंबून, कितीतरी अधिक माणसे डोंगरांवर आदळत होती. तसेच सारा दोष माणसावर टाकून यंत्रास निर्दोष ठरविणेही न्यायाचे नाही, कारण कालीच्या कप्तानाने नकाशावर जे अक्षर छापलेले होते तेच दाबले. ज्ञान जेथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, नियंत्रकाकडून वैमानिकाकडे, नकाशाकडून संगणकाकडे, मनातील हेतूकडून खिडकीतील आकड्याकडे, तेथे दोन्ही बाजूंनी ते एकच आहे याची खातरजमा करणारा कोणी तरी नेमलेला असला पाहिजे. आणि ज्या-ज्या वेळी असा पडताळा सक्तीचा झाला, त्या-त्या वेळी अपघातांची ती जात मागे हटली. पुढे वैमानिकांच्या खुर्च्या दोनांवरून एकीवर आणण्याची भाषा आता सुरू झाली आहे. तिसरी खुर्ची काढताना तिचे काम कोणाकडे गेले याचा विचार झाला होता, त्याचप्रमाणे दुसरी खुर्ची काढण्यापूर्वी तिच्याकडचे पडताळ्याचे काम कोण करणार, याचे उत्तर आधी लेखी मिळाले पाहिजे.